वर्षातली सर्वोत्तम बाइक आणि आपापल्या गाड्या: अनुभव लिहा

‘वर्षातली सर्वोत्तम बाइक’ पुरस्काराचे यंदाचे निकाल लागले आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणतो निवड अगदी योग्य, दुसरा विचारतो ज्युरीने ही गाडी रस्त्यावर काढली तरी होती का. इथे मला वाद नको, अनुभव हवेत. पुरस्कार बघून गाडी घेतली का? घेतली असेल तर दोन-तीन वर्षांनी ती कशी वाटते? आणि ज्या गाडीला कुणी विचारलं नाही, पण तुम्ही हा मान दिला असता, अशी कुठली? स्वतः चालवलेलंच लिहा, ऐकीव नको.

सुरुवात मी करतो. माझी गाडी पुरस्कारवाली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. घेतली तेव्हा तिचं कौतुक वाचून पाठ झालं होतं: पिकअप जबरदस्त, वळणावर रुळावरून चालल्यासारखी. दोन्ही खरं निघालं. पण सिग्नलला तिसऱ्या मिनिटाला रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवेचा झोत थेट उजव्या पोटरीवर येतो. ज्युरी गाडी चालवते ट्रॅकवर, तिथे ती सतत धावती असते, त्यामुळे पंखा लागायची वेळच येत नाही. पहिल्या महिन्यात मी सिग्नलला उजवा पाय बाहेर फाकवून उभा राहायचो, मागच्यांना वाटायचं मी वळतोय.

---

मी गाड्या उघडणारा माणूस आहे, तेव्हा माझं मोजमाप वेगळं. माझ्याकडे गाडी येते ती पुरस्कारानंतर चार-पाच वर्षांनी. तेव्हा तिची कागदावरची हॉर्सपॉवर कुणी विचारत नाही. मी बघतो एअर फिल्टर काढायला किती वेळ लागतो. एका नावाजलेल्या गाडीला त्यासाठी सीट, दोन्ही साइड पॅनल आणि टाकी काढावी लागते. टाकी उचलताना पेट्रोलच्या पाइपची क्लिप असते, ती प्लास्टिकची, तिसऱ्यांदा उघडली की तुटते. काम दहा मिनिटांचं, जातो दीड तास, आणि गिऱ्हाईक म्हणतं नुसता फिल्टर बदलायला एवढा वेळ?

टॅपेटचंही, म्हणजे इंजिनाच्या वाल्व्हची फट जुळवायचंही, तेच. काही इंजिनांत स्क्रू आणि लॉकनट असतो. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा, झालं. काहींत वाल्व्हवरच्या बकेटखाली, म्हणजे वाटीखाली, शिम नावाची पातळ चकती असते. अंतर चुकलं तर वाल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, काढा, शिम मोजा, बारीक फरकाची दुसरी शोधा, परत टायमिंग जुळवा. जास्त आरपीएमच्या इंजिनाला शिमच योग्य, ते मलाही पटतं. पण रोजच्या वापराच्या गाडीला कशाला? रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनला स्क्रूवाले टॅपेट आहेत हे कळलं तेव्हा मला त्या डिझायनरला चहा पाजावासा वाटला. ही गोष्ट मात्र पुरस्काराच्या लेखात वाचायला मिळत नाही. ज्युरीत एक तरी माणूस काळ्या नखांचा हवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि हो, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. तीस हजार रनिंगच्या आत कोनसेटला घर (खळगा) पडतं अशी गाडी असेल तर तिचे ‘वळणावरचे गुण’ काय चाटायचे? हँडल मधोमध आलं की खट्‌कन अडकतं. सरळ रस्त्यावर गाडी तुम्हाला चालवते.

---

वरच्यांच्या काळ्या नखांना माझे सगळे गुण.

मला एक साधी गोष्ट लिहायची आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. पुरस्काराच्या लेखात सीटची उंची तक्त्यात एका ओळीत असते, त्यावर कुणी अक्षर लिहीत नाही. मी गाडी बघायला जाते तेव्हा चालवून बघण्याआधी बसून मागे ढकलून बघते, तेही जरा चढावर. एका विजेत्या गाडीवर माझे चवडे टेकत होते, म्हटलं चालेल. मग साइड स्टँड काढला आणि गाडी माझ्याकडे कलली. वजन सगळं वर, टाकीपाशी. सोबतचा माणूस म्हणाला, “ताई, सवय होते.” होत असेल. मी दुसरी घेतली, जिला त्या वर्षी यादीतसुद्धा जागा नव्हती. चार वर्षं झाली, उभ्या उभ्या एकदाही पाडलेली नाही.

---

थोडं मागे जाऊ. मला जुन्या इंग्लिश गाड्यांचा नाद आहे. ब्रिटनच्या ‘मोटर सायकल न्यूज’ या साप्ताहिकाचा ‘मशीन ऑफ द इयर’ हा किताब नॉर्टन कमांडोने १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षं मिळवला. मधे १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आलेली होती! चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, सेल्फ स्टार्ट. पुढची कित्येक वर्षं मोठ्या गाड्या कशा असतील हे त्या गाडीने ठरवलं, आणि किताब मात्र उभ्या जोड-सिलिंडरच्या कमांडोकडेच राहिला.

लोक आंधळे होते असं म्हणू नका. मित्राची कमांडो मी चालवली आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म असा सगळा गठ्ठा रबरावर टांगलेला, त्याला आयसोलॅस्टिक म्हणतात. उभी असताना पुढचं चाक अक्षरशः थरथरताना दिसतं, आरशात मागचा माणूस दोनदा दिसतो. मग रेस वाढवत नेली की तीन हजार आरपीएमच्या आसपास ती थरथर कुणीतरी बटण दाबल्यासारखी थांबते आणि गाडी तरंगायला लागते. त्या क्षणी मीही मत दिलं असतं. फक्त त्या रबरांची फट शिम घालून वेळोवेळी नीट ठेवावी लागते. फट वाढली की वळणात मागचं चाक स्वतःचं मत मांडतं.

आणि पाचव्या किताबाचं वर्ष, १९७२, हे कमांडोच्या ‘कॉम्बॅट’ इंजिनाचंही वर्ष. कॉम्प्रेशन वाढवून ताकद ६५ हॉर्सपॉवरपर्यंत नेली आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मेन बेअरिंगनी माना टाकल्या. पुढे सुपरब्लेंड नावाचे बेअरिंग घालून ते निस्तरलं. म्हणजे एकीकडे किताब, दुसरीकडे इंजिनं उघडून टेबलावर.

---

काही वर्षांपूर्वी अशा एका निवडीत मी गाड्या चालवायला होतो, म्हणून आतली बाजू सांगतो. कुणी पाकीट देत नाही, तो गैरसमज काढून टाका. गडबड वेगळीच असते. दिवसाला आठ-नऊ गाड्या, प्रत्येकीवर मोजून काही फेऱ्या. संध्याकाळी गुण भरताना डोक्यात काय उरतं? जिने घाबरवलं ती आणि जिने हसवलं ती. जिने काहीच त्रास दिला नाही ती विसरली जाते. रोजच्या वापराला नेमकी तीच गाडी बरी असते.

त्या वर्षी सकाळी पाऊस होता. पहिल्या दोन गाड्या आम्ही ओल्या ट्रॅकवर, थंड टायरवर, जीव मुठीत धरून चालवल्या. दुपारी ऊन पडलं. सकाळच्या गाड्या परत चालवायला वेळ मिळाला नाही. निकालात त्या दोन्ही खाली होत्या आणि माझ्याही कागदावर खालीच होत्या. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मोटारींच्या युरोपियन ‘कार ऑफ द इयर’ची पद्धत मला आवडते. प्रत्येक परीक्षकाकडे २५ गुण, एका गाडीला जास्तीत जास्त १०, आणि कुणी कुणाला किती दिले आणि का, ते छापून येतं. नाव खाली असलं की माणूस दोनदा विचार करतो.

---

पावसाचं वाचून हसू आलं आणि जरा रागही. म्हणजे माझी लाडकी दुपारची वेळ न मिळाल्यामुळे हरली तर!

---

मी पुरस्काराच्या बाजूने लिहितो, नाहीतर सगळे एकाच सुरात गातील. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. एका विजेत्या गाडीच्या लेखात ‘२७० अंशांचा क्रँक’ वाचलं आणि शोधत गेलो. दोन पिस्टन, पण ठोके समान अंतरावर न पडता एक लवकर आणि एक उशिरा, म्हणून आवाज व्ही-ट्विनसारखा (व्ही आकारात दोन सिलिंडर) धडधडता. मग कळलं की यामाहाने हे १९९५ मध्ये टीआरएक्स८५० मध्ये आणलं होतं. आज यामाहाची एमटी-०७, होंडाची आफ्रिका ट्विन, वर कुणी लिहिलेली रॉयल एनफिल्डची ६५०, सगळ्यांत तेच. पुरस्काराने मला गाडी विकली नाही, पण कान दिला. आता डोळे मिटून आवाजावरून सांगतो, बायको म्हणते हे कौशल्य घरात कशाला उपयोगी?

---

ज्यांना कुणी विचारलं नाही त्या यादीत माझं एकच नाव. होंडा सुपर कब. १९५८ पासून बनते आहे, २०१७ मध्ये दहा कोटींचा आकडा ओलांडला. क्लचची दांडीच नाही, गिअर पायाने टाकायचा, क्लच आपलं आपण बघतो. मी तिच्यावर शिकलो, एका हातात पिशवी धरून. वर्षातली बाइक? कुठल्या वर्षातली म्हणायची?

---

धागाकर्ते, तुमच्या पोटरीबद्दल सहानुभूती. पंख्याच्या बाजूला पातळ ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून लावा, झोत खाली जातो. मी केलंय. वॉरंटीवाल्यांना दाखवू नका.

माझीही विजेतीच होती. घेताना टाकीवर कंपनीचा सोनेरी स्टिकर होता, ‘वर्षातील सर्वोत्तम’. सहा वर्षं गाडी उन्हात उभी राहिली. मागच्या महिन्यात विकायला काढली, तेव्हा स्टिकर नखाने खरवडून काढला, डिंक रॉकेलने पुसला. बाकी टाकीचा लाल रंग विटून गुलाबी झालाय आणि स्टिकरखालचा गोल तेवढा शोरूममधून आणल्यासारखा लालभडक. बघायला येणारा प्रत्येक जण इंजिन ऐकायच्या आधी त्या गोलावर बोट ठेवतो आणि विचारतो, “इथे ठोकली होती का?”