बालेवाडीला कबड्डी बघितली की डीजे ऐकला?

कसबापेठी:
डिसेंबर २०२४ ला प्रो कबड्डीची फायनल पुण्यात बालेवाडीला झाली, हरियाणा ३२ पाटणा २३. मुलाला घेऊन गेलो होतो आणि चढाईपटूचा दम, ते 'कबड्डी कबड्डी', एकदाही ऐकू आलं नाही राव. डीजे, मग तो माइकवाला, मग परत डीजे. लहानपणी मंडळाच्या मैदानावर दोरीला चिकटून बसायचो तेव्हा दम तुटला की पंचाच्या शिट्टीआधी आम्ही पोरं बोंब ठोकायचो. आता ३० सेकंदांचं घड्याळ, दम कोण ऐकतंय.
एवढंच असतं तर वय झालं म्हणून सोडलं असतं. पण मैदानात तीन किंवा कमी जण उरले आणि त्यांनी पकड केली की एकाऐवजी दोन गुण! लोण पडून (म्हणजे अख्खी टीम बाद होऊन) मॅच एकतर्फी झाली तर लोक चॅनल बदलतील, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. ह्याला चुरस नाही, लावून दिलेली झुंज म्हणतात.

कोपरारक्षक_निवृत्त:
दादा तुम्ही दोरीबाहेर होता, मी आत होतो. चार गुणांची आघाडी मिळाली की आमचे सर एकच सांगायचे, निदान रेषा ओलांड आणि गुपचूप परत ये. समोरचेपण हात न लावता उभे, पब्लिक शेंगा सोलतंय. ही का अस्सल स्पर्धा? आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद. टीव्हीसाठी केलं असेल, पण आमच्या वेळी हे असतं तर मी दोन-चार मॅच जास्त जिंकलो असतो (किंवा हरलो असतो, ते सोडा).

टीटीवाला:
टीव्हीसाठी बदल हे काय आजचं नाहीये. टेबल टेनिसचा बॉल २००० साली ३८ चा ४० मिमी केला, फिरकी कमी, रॅली दिसायला लागली, पुढच्याच वर्षी गेम २१ वरून ११ वर. टेनिसचा बॉल १९७२ ला पिवळा झाला तो रंगीत टीव्हीमुळे, विम्बल्डनवाले १९८६ पर्यंत पांढराच धरून बसले होते, अगदी आपल्या सदाशिव पेठेसारखे.

कसबापेठी:
बॉल रंगवा की, गुण वाटू नका. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेयर आणला, म्हणजे एक बॅट्समन फुकटात जास्त, मग २०२४ ला हैदराबादनी बंगळुरूला २८७ ठोकले. बोलर बिचारा बोलिंग मशीन. उलट २०१७ ची फायनल आठवा, मुंबई १२९ आणि आपलं पुणे १२८. एका रननी गेली! आमच्या सोसायटीत त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. षटकारांचा पाऊस नव्हता तरी.

कोपरारक्षक_निवृत्त:
तीच आयपीएल ना ती? तोच टाइमआउट, तेच भोंगे, त्याच जाहिराती. म्हणजे तमाशातपण जेवण जाईल एवढी चुरस होती की! आणि 'आपलं पुणे' कुठंय आता, दोन वर्षांत गाशा गुंडाळला. मला विचाराल तर खरा घोळ तिथंय. तो इराणचा शादलू बघा, पुणेरी पलटणकडून चॅम्पियन झाला, पुढच्या सीझनला लिलावात हरियाणाकडे गेला आणि आपल्याच बालेवाडीत त्यांच्याकडून खेळून कप उचलला. टाळ्या वाजवायच्या का शिव्या घालायच्या, कळेना.

कसबापेठी:
पोरानी टाळ्या वाजवल्या. मी गप्प.

हुतूतू_ताई:
तुमचं छान चाललंय. मी दहा वर्षं मातीवर खेळले, गुडघ्याची साल अजून नीट आलेली नाही. २०१६ ला बायकांची लीग काढली होती, टीम किती तर तीन! पुढच्या सीझनला परत आणलीच नाही. डीजेचा त्रास होतो म्हणताय ना, आमच्या मॅचला तो एकदा लावून बघा, मग सांगते त्रास होतो का ते. दम ऐकायचाच असेल तर जिल्हा स्पर्धेला या, मुलींच्या मॅचला खुर्च्या रिकाम्याच असतात, अगदी दोरीजवळच्यासुद्धा.

कसबापेठी:
ताई, कधी असते? पोराला घेऊन येतो.