नव्याने जोडलेल्या कॉम्प्युटरमधला शॉर्ट तुम्हाला कुठे सापडला?

राजेंद्र नगर, इंदूर

गेल्या शनिवारी भाच्यासाठी कॉम्प्युटर जोडला. कॅबिनेट माझंच जुनं, बाकी सामान नवं, सिल्व्हर मॉलमधून दोन खेपांत आणलेलं. रात्री साडेदहाला बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. परत दाबलं तर काहीच नाही. मागची वायर काढून मिनिटभराने लावली, की पुन्हा तोच अर्धा फेरा.

भाचा वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवत होता. "मामा, बोर्ड गेला का?" एवढंच विचारून गप्प बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

पण बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, गेला नव्हता. तो अर्धा फेराच सांगत होता की एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जिवंत आहे. कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज सरळ ग्राउंडला मिळते आहे, हे कळताच तो स्वतःला बंद करून घेतो, आणि बहुतेक वेळा वायर काढून थोडं थांबल्याशिवाय परत उठत नाही. म्हणून बोर्ड बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी. चालू झाला! मग टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये पाहिलं. माझा आधीचा बोर्ड लहान मापाचा, मायक्रो एटीएक्स, हा मोठ्या मापाचा, पूर्ण एटीएक्स. याला ९ स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट, लागतात. मोजले तर ११. आधीच्या बोर्डाचे दोन पितळी खुंट तिथेच राहिले होते, आणि त्यातला एक नव्या बोर्डाच्या पाठीला टेकत होता. सोल्डरच्या दोन टोकांवर पितळेचा पिवळसर ओरखडा उठला होता, बोटाने पुसला तरी जाईना. दोन्ही खुंट पक्कडीने काढले. बारा वाजता कॉम्प्युटर सुरू झाला आणि भाच्याने त्याच्या आईला झोपेतून उठवून दाखवला.

आपल्याकडे अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "बोर्ड बदला". त्या सल्ल्यापायी चांगले बोर्ड भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. तुमचा शॉर्ट कुठे सापडला, कसा सापडला, जरा सविस्तर लिहा.

लोकमान्य नगर

माझा मागच्या पत्र्यात होता. पोर्टांभोवती जो पातळ पत्रा बसवतो, त्याच्या आतल्या बाजूला बारीक जिभा असतात. बोर्ड सरकवताना त्यातली एक जीभ यूएसबीच्या भोकात शिरली. बाहेरून दिसत होतं, पण मी बाहेरून पाहिलंच नाही, दोन दिवस आतच शोधत राहिलो.

सुदामा नगर

मी घरून डिझाइनचं काम करते. मशीन सुरू व्हायचं, पण स्क्रीनवर इंग्रजीत सूचना यायची की यूएसबीवर जास्त करंट ओढला जातोय, १५ सेकंदांत बंद करतो. आणि खरंच बंद व्हायचं. दिराने कीबोर्ड, माउस, वेबकॅम सगळं काढून पाहिलं, तरी तेच. शेवटी कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची जी केबल बोर्डावर येते तीच उपसली आणि सूचना गेली. मग भिंगातून पुढचं पोर्ट पाहिलं. आतली प्लॅस्टिकची जीभ मुळातून तडकलेली, आणि तिच्यावरची कडेची पत्ती उचलून बाहेरच्या धातूच्या चौकटीला चिकटलेली. तीच नेमकी ५ व्होल्टची, आणि चौकट म्हणजे ग्राउंड. कॅबिनेट कोरं होतं, वाटेत काहीतरी आदळलं असावं. दुकानदाराने खळखळ न करता बदलून दिलं. ज्यांना ही १५ सेकंदांची सूचना येते त्यांनी आधी पुढच्या पॅनलच्या केबल काढून बघाव्यात, बाकी सगळं नंतर.

टिळक नगर

मी आत्ता याच संकटात आहे. पंखा अर्धा फिरतो आणि थांबतो. बोर्ड बाहेर काढायची भीती वाटते. काढू का?

रामबाग

काढा, न घाबरता काढा. वायर भिंतीतून उपटा, कॅबिनेटचं बटण दोन-चार वेळा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज उतरेल, मग काढा. एसएमपीएस मात्र कोणीही उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि तो वायर काढल्यावरही राहू शकतो.

मी चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे मल्टिमीटरबद्दल लिहितो. पुष्कळ मुलं मीटर बीपवर लावतात, प्रोसेसरजवळच्या चौकोनी कॉइलवर एक टोक, ग्राउंडवर दुसरं. बीप वाजला की बोर्ड शॉर्ट म्हणून मोकळे. शेजारच्या मुलाचा बोर्ड मीसुद्धा असाच बाद ठरवणार होतो. पण थोडा हिशोब करा. प्रोसेसर १०० वॉट खातो आणि चालतो सव्वा व्होल्टवर, म्हणजे ८० अँपिअर. एवढा करंट ज्या वाटेने जायचा ती वाट मीटरला जवळपास सरळ तारच दिसणार. तिथे एखाद-दोन ओम किंवा त्याहूनही कमी दिसणं निरोगी बोर्डावरही होतं, आणि मीटर तर काही दहा ओमांच्या खाली आलं की वाजतंच. म्हणून बीप सोडा, ओममध्ये आकडा वाचा. आणि आधी १२ व्होल्टची वाट तपासा: प्रोसेसरजवळच्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये, सगळ्या वायरी काढलेल्या असताना, १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड. तिथे शेकडो ओम किंवा त्याहून जास्त हवेत. तिथे शून्याजवळ आलं तर खरा शॉर्ट. त्या मुलाच्या बोर्डावर कॉइलला १.८ ओम होते आणि १२ व्होल्टला चार हजारांच्या वर. बोर्ड ठणठणीत होता. आजही चालतोय.

विजय नगर

माझी गोष्ट नुकसानीची आहे, पण लिहायलाच हवी. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल नीट बांधलेल्या होत्या, म्हणून नव्या एसएमपीएसला त्याच लावल्या. टोकं तंतोतंत बसली. मला वाटलं, बसली म्हणजे एकच. तसं नसतं. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती पिन कशाची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. माझ्या ड्राइव्हच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले. त्यानंतर मशीन अर्धा फेरा फिरून थांबायला लागलं. ड्राइव्हच्या वायरी काढल्या की नीट चालायचं, म्हणजे शॉर्ट आता ड्राइव्हच्या आत होता.

जुन्या हार्ड डिस्कवर आजोबांचे सगळे फोटो होते, त्यांच्या पंच्याहत्तरीचेही. डेटा काढून देणाऱ्याने सर्किटवरचा एक बारीक डायोड दाखवला. जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं वाचवतो. त्याने तो डायोड काढला, डिस्क फिरली, फोटो निघाले. आईने ते पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एसएसडी मात्र गेला तो गेलाच. केबल एसएमपीएससोबत त्याच्याच खोक्यातून आलेली असेल तरच लावा, कृपा करून.

बक्षी गल्ली

आमच्याकडे शॉर्ट नव्हताच, पण आठवडाभर आम्ही तोच शोधत होतो. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण. चप्पल घातली की नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे यंत्र घरात नको." भावजींनी मीटर लावलं, कॅबिनेट आणि नळाच्या लोखंडी पाइपात ११० व्होल्टच्या आसपास. आम्ही हादरलोच.

वायरमन आला, त्याने मशीनला हातही लावला नाही, सॉकेट उघडलं. वाडा जुना, तिसऱ्या भोकात तारच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंग नसलं की कॅबिनेट दोघांच्या मधोमध लोंबकळतं, म्हणून २३० च्या निम्मं दिसतं. करंट अगदी थोडा असतो, पण त्या कॅबिनेटमध्ये उद्या खरा बिघाड झाला तर वाचवायला काहीच नसतं. अंगणात नवं अर्थिंग घातलं, त्या खोलीपर्यंत हिरवी तार ओढली, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवला. झिणझिण गेली. सासूबाई आता त्याच कॉम्प्युटरवर कीर्तन ऐकतात.

टिळक नगर

रामबागच्या काकांचं ऐकून बोर्ड काढला. खोक्यावर ठेवून बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडल्या, सुरू झाला. परत कॅबिनेटमध्ये बसवला, पुन्हा अर्धा फेरा. स्टँडऑफ मोजले, बरोबर ९.

राजेंद्र नगर

म्हणजे शॉर्ट कॅबिनेटमध्येच आहे, बोर्ड वाचला! तो पुन्हा काढा, मग कॅबिनेट उचलून तिरपं करा आणि हलवून आवाज ऐका.

टिळक नगर

आवाज आला. बोर्डाच्या मागे, केबल जायच्या भोकाच्या कडेला एक काळा स्क्रू अडकला होता. चुंबकी स्क्रू ड्रायव्हर आत घातला, त्याच्या टोकाला चिकटून बाहेर आला. एसएसडी बसवताना हातातून पडला होता, तेव्हा सापडला नाही म्हणून दुसरा लावून टाकला होता. आत्ता याच मशीनवरून लिहितो आहे.