सकाळची मीटिंग म्हणजे नुसती हजेरी झालीये, काय करू? (इंदूर)

विजयनगरवाला:
नमस्कार मंडळी, दोन महिन्यांपूर्वी टीम लीड झालो, सॉफ्टवेअरचं काम, 9 जण, त्यातले दोघं घरून. रोज 10 ला स्टँडअप (रोजची छोटी टीम मीटिंग) घेतो, ठरलंय 15 मिनिटं पण 40 होतातच. जो तो माझ्याकडे बघून "काल हे केलं, आज हे करणार" म्हणतो आणि बाकीचे मोबाइलमध्ये. सोमवारी पोहे-जिलबी आणवली, वरून जिरावण मसाला टाकून सगळ्यांनी चापली आणि परत तेच पडलेले चेहरे. घरून काम करणाऱ्या दोघांनी तर स्क्रीनवर आमचं खाणं बघितलं फक्त. काही सुचवा.

पिथमपूरकर:
मी कारखान्यात शिफ्ट इनचार्ज, 22 माणसं, 7 ची शिफ्ट. आमची मीटिंग मशीनपाशी उभ्याउभ्या, 5 मिनिटं, आधी सेफ्टी मग रात्रपाळीने काय सोडलंय ते. पूर्वी मी कालचं प्रॉडक्शन वाचून दाखवायचो आणि कमी असलं की सगळ्यांसमोर झापायचो. एका ऑपरेटरला स्पिंडलमधून घरघर ऐकू येत होती, तरी गप्प राहिला, कारण बोललं की ऐकून घ्यावं लागणार. दुपारी मशीन बंद, दीड दिवस गेला. चूक माझीच. आता आकडा फळ्यावर लिहितो, तोंडाने काढत नाही. विचारतो एवढंच, काय अडलंय, आणि ते काम माझ्या नावापुढे लिहितो. चहाच्या सुट्टीच्या आत उत्तर द्यायचं, मग ते "नाही होणार" असलं तरी.

स्नेहलतागंजची:
मी लीडच्या हाताखालच्यांपैकी, म्हणून वेगळं सांगते. मीटिंग 10 ला असते हो, पण आमचा दिवस सव्वाआठलाच सुरू होतो. खाली कचरागाडीचं गाणं, एका हातात ओला कचरा दुसऱ्यात सुका, आणि फोनवर सरांचं "त्या फाइलचं काय झालं?" मग 10 ला कोण हसून बोलणार! तुम्ही पाठवता का असले मेसेज, खरं सांगा.

विजयनगरवाला:
पाठवतो 🙈 विसरू नये म्हणून.

स्नेहलतागंजची:
मग स्वतःलाच पाठवा ना!

कोडवाला_भिया:
काल काय, आज काय, अडचण काय हे तीन प्रश्न स्क्रम गाइडच्या (टीमने छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीची पुस्तिका) 2020 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत, लोक अजून धरून बसलेत. 15 मिनिटं मात्र तशीच आहेत. आणि ती मीटिंग डेव्हलपरांनी एकमेकांशी बोलायची असते, लीडला रिपोर्ट द्यायची नाही. माणसामाणसाने फिरू नका, कामांची यादी असलेला बोर्ड उघडा, जे काम संपत आलंय तिथून सुरू करा. दोघांचीच चर्चा रंगली की "नंतर बसा" म्हणा. घरून जोडलेल्यांना आधी बोलू द्या, नाहीतर त्यांची पाळी येईपर्यंत सगळे उठलेले असतात.

विजयनगरवाला:
आठवडा झाला म्हणून सांगतो. सकाळचे मेसेज बंद, दोनदा हात गेला होता. बोर्डावरून चालतो, काल 18 मिनिटांत आटपलं. पण पिथमपूरकर काका, "काय अडलंय" विचारलं तर पहिले दोन दिवस कोणी तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस नाहीये. म्हटलं कधीपासून, तर म्हणे मागच्या गुरुवारपासून! रोज माझ्यासमोर उभं राहून "काम चालू आहे" म्हणत होता बिचारा. 11 च्या आत मिळवून दिला.

पिथमपूरकर:
आता बघा, उद्या अजून दोघं बोलतील. आणि पोहे त्या घरून काम करणाऱ्यांच्या ऑफिसच्या दिवशी मागवा, शेव जरा जास्त.