रोज चार तास कुठून आणायचे?
‘कॉलेज सांभाळून रोज चार तास स्पर्धा परीक्षेला द्या’ हा सल्ला गोव्यात पणजीजवळ ताळगावच्या वसतिगृहात राहणाऱ्याला कदाचित जमेल, पार दक्षिण टोकाच्या काणकोणहून कदंबच्या सरकारी बसने ये-जा करणाऱ्याला नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात सत्राचे २० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) म्हणजे तासिका, प्रात्यक्षिके आणि स्वाध्याय मिळून ६०० तास. १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०. प्रवासाचे रोज चारेक तास धरा, आणखी २० झाले. त्यावर स्पर्धा परीक्षेचे हे चार तास रेटले की पहिली कात्री झोपेला लागते, आणि झोप तुटली की वाचलेलं डोक्यात राहत नाही. सत्र चालू असताना एकच तास ठेवा, बसमध्ये चालू घडामोडी ऐका, जड विषय सुट्टीत घ्या.

कागदपत्रांचं मात्र असा सल्ला देणारं कुणीच सांगत नाही. गोवा सरकारच्या नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राची चालू नोंदणी लागते. जाहिरात आल्यावर मामलेदार कार्यालयात धावू नका, आताच सुरुवात करा. कोकणीचं ज्ञान अनिवार्य असतं, मराठीचं इष्ट; आपल्यातल्या पुष्कळांचं कोकणी लिहिणं कच्चं असतं, तेही बघा. आणि मन फार थकलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत. परीक्षा संपायची वाट बघत बसू नका.