मदत हवी आहे: घरात अहिराणी बोलणाऱ्या पोराचा बुद्ध्यंक ७८ आलाय, यात भाषा किती, बुद्धी किती आणि स्वभाव किती?

नमस्कार मंडळी. मी साक्रीकडची, लग्नानंतर शिक्षण सुटलं होतं ते आता बाहेरून बीए करतेय आणि पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलंय. प्रश्न परीक्षेचाही आहे आणि घरचाही, दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे करून विचारता येत नाहीयेत, म्हणून लांबलचक लिहितेय, चिडू नका.

माझ्या दिरांचा मुलगा आठ वर्षांचा आहे. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून शाळेतून शेरा आला, "अंतर्मुख, आकलन कमी". मग तालुक्याला एका ठिकाणी चाचणी करून घेतली तर बुद्ध्यंक आला ७८. जाऊबाई आधी खूशच झाल्या, त्यांना वाटलं ७८ म्हणजे डिस्टिंक्शन. मी म्हटलं अहो हे शंभरपैकी नाहीत, शंभर ही सरासरी असते, तर घरात एकदम सुतकी शांतता आणि तेव्हापासून सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काही मीच डॉक्टरीण.

आता पोरगं कसंय तर घरात बठ्ठी अहिराणी, आजोबांबरोबर बाजारात कांदा विकायला बसतो तेव्हा सुट्ट्या पैशांचा हिशोब तोच करतो, गिऱ्हाइकाशी भांडतोसुद्धा. चाचणी घेणारे सर मात्र पुस्तकी मराठीत विचारत होते, या शब्दाचा अर्थ काय, या दोन गोष्टींत साम्य काय वगैरे, आणि हा मान खाली घालून बसलेला. बाहेर आल्यावर म्हणे, "माले काही समजनंच नही."

माझ्या पुस्तकात भाषा, बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व हे तीन वेगळे धडे आहेत. वेगळे वाचले तर समजतात. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड-दोन वर्षांत दोन शब्दांची वाक्यं, मानसशास्त्रज्ञ स्किनर म्हणतो भाषा प्रबलनातून, म्हणजे शाबासकी-बक्षिसातून पक्क्या होणाऱ्या सवयीतून येते आणि भाषातज्ज्ञ चॉम्स्कीने १९५९ साली ते खोडून काढलं, इथपर्यंत ओके. बिने आणि सायमनने १९०५ मध्ये चाचणी काढली ती पॅरिसच्या शाळांत कुणाला जादा मदत लागेल हे ओळखायला, हेही पटतं. पण या तिन्ही धड्यांतलं एकच पोरगं समोर बसलं की काय करायचं ते कुठल्याच धड्यात नाही!

तर प्रश्न असा की प्रश्नच कळला नसेल तर हा ७८ नेमका कशाचा आकडा आहे? वर्गात गप्प आणि बाजारात बडबड्या असलेल्याला अंतर्मुख म्हणतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सासरे म्हणताहेत की आजपासून घरात अहिराणी बंद, सगळ्यांनी शुद्ध बोलायचं. आजींना तर दुसरं काही येतच नाही, त्यांनी काय मुकं राहायचं? मला हे चुकीचं वाटतंय पण मुद्देसूद सांगता येत नाहीये.

प्रतिसाद

ताई, आधी रिपोर्ट काढा आणि चाचणीचं नाव बघा, नुसता आकडा धरून बसू नका. आपल्याकडे बिने-कामत आणि मालिनची चाचणी या दोन जास्त दिसतात. कामतांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, तिच्यात अजूनही मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर हेच सूत्र चालतं, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला ७८ आले तर मानसिक वय साधारण सव्वासहा धरलंय. मालिनची नागपूरची, १९६९ ची, ती वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या धर्तीवर आहे आणि तिच्यात शाब्दिक आणि कृतीचा बुद्ध्यंक वेगवेगळा निघतो. तुमच्याकडे ही असेल तर दोन आकड्यांत किती अंतर आहे ते बघा. ठोकळे जुळवण्यात बरा आणि शब्दार्थात एकदम खाली असेल तर भाषेकडे बोट जातं. दोन्हीकडे खालीच असेल तर मात्र "आमचा हुशारच आहे" म्हणून विषय सोडून देऊ नका, बाजारातला हिशोब ही सवयीची गोष्टपण असू शकते. आणि कान तपासून घ्या, हे नेहमी राहून जातं.

अंतर्मुख शेऱ्याबद्दल, गुणविशेष, म्हणजे स्वभावाचा टिकून राहणारा पैलू म्हणायचा तर तो निरनिराळ्या ठिकाणी थोडाफार सारखा दिसायला हवा. वागणं प्रसंगानुसार किती बदलतं यावर वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये मोठा वाद उभा केला होता, तो पेपरात लिहा, मार्क मिळतील. भाषा न येणारा माणूस गप्पच बसणार, त्यात स्वभाव कुठून आला?

प्रतिसाद

रावेरकडून नमस्कार, आमच्याकडे लेवा बोली आणि हाच सासऱ्यांचा संवाद, फक्त सासरे वेगळे 😄

अहिराणी बंद करू नका वहिनी. पूर्वी असाच समज होता की दोन भाषांनी मूल मागे पडतं, कारण तेव्हाच्या बऱ्याच तुलना गरीब घरातली दुभाषी मुलं आणि बऱ्या घरातली एकभाषी मुलं अशा असायच्या. पील आणि लॅम्बर्टने १९६२ मध्ये माँट्रियलला आर्थिक स्थिती सारखी असलेली दहा वर्षांची मुलं घेतली तर दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं शाब्दिक आणि अशाब्दिक दोन्ही चाचण्यांत पुढे निघाली. आता त्यांनी निवडलेली मुलं दोन्ही भाषांत पक्की होती हे खरंय, त्यामुळे दुभाषी म्हणजे हुशार असा उलटा अर्थ काढू नका, पण घरची बोली बुद्धी खाते हे तरी त्यातून निघत नाही. पोराला मराठी कमी पडतेय तर मराठी वाढवा, अहिराणी कापून ती वाढत नाही.

धागालेखिका

दोघांचे आभार. रिपोर्ट बघितला, मालिनचीच आहे. शाब्दिक ६९ आणि कृतीचा ८७! ७८ ही दोन्ही मिळून काढलेली गोळाबेरीज होती आणि खाली बारीक अक्षरात "भाषेची अडचण जाणवली" असंही लिहिलंय, ते कुणी वाचलंच नव्हतं. आता अहिराणी समजणारं कुणी चाचणी घेणारं धुळ्यात किंवा जळगावला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि तेवढ्या लवकर दुसऱ्यांदा तीच चाचणी दिली तर प्रश्न ओळखीचे होऊन आकडा फुगतो का?

प्रतिसाद

फुगतो, आणि कृतीच्या भागात जास्त फुगतो. लगेच करायचीच असेल तर वेगळी घ्या, रेव्हनच्या आकृत्यांची मागा, तिथे बोलावं लागत नाही. मात्र सूचना अहिराणीत समजावून द्यायला सांगा, आणि आधीचा रिपोर्ट त्यांना दाखवा.