ऑनलाइन कोर्ससाठी दुसऱ्यांचं साहित्य: काय वापरता येतं?

मंडळी, संख्याशास्त्राची तोंडओळख करून देणारा छोटा ऑनलाइन कोर्स मराठीत बनवतेय. सगळं शून्यापासून लिहिण्याइतका वेळ नाही. इतरांच्या स्लाइड, आलेख, प्रश्नसंच भाषांतर करून घेतले तर चालतील का? 'फ्री' लिहिलेलं असलं की पुरे ना?

प्रतिसाद १
नाही पुरत. फुकट बघता येतं म्हणून उचलून बदलता येतंच असं नाही. पानाच्या तळाशी लायसन्स शोधा. काहीच नसेल तर सर्व हक्क राखीव धरून चला. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (ठरावीक अटींवर वापराची परवानगी देणारी तयार लायसन्सं) 'बीवाय', म्हणजे 'श्रेय द्या', असेल तर श्रेय देऊन खुशाल वापरा. 'एनडी' (बदल नको) दिसलं की पुढे सरका, कारण भाषांतर हाही बदलच, आणि बदललेलं प्रसिद्ध करायची त्यात मुभा नसते. ओपनस्टॅक्सची मोफत पाठ्यपुस्तकं चाळा. बरीच बीवाय आहेत, काही बीवाय-एनसी-एसए (एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नको, एसए म्हणजे बदललेलंही त्याच लायसन्सखाली द्या), तेव्हा प्रत्येकाचं तपासा.

प्रतिसाद २
+१. एमआयटी ओपनकोर्सवेअर (एमआयटी विद्यापीठाचं मोफत कोर्स साहित्य) बीवाय-एनसी-एसए आहे आणि विकिपीडियाचा मजकूर बीवाय-एसए. दोन्हींतले उतारे कालवून एकच नवा मजकूर करता येत नाही, कारण दोघांनाही तयार झालेला मजकूर आपापल्याच लायसन्सखाली हवा असतो. मी नेमकं तेच केलं होतं. आख्खा धडा पुन्हा लिहिला. (हौस!)

प्रतिसाद ३
लायसन्सइतकीच फाइल बघा. मला एकदा छान बीवाय स्लाइड मिळाल्या, पण पीडीएफमध्ये. आलेख म्हणजे नुसती चित्रं, अक्षांवरची इंग्रजी नावं त्यातच चिकटलेली. 'फ्रीक्वेन्सी' खोडून 'वारंवारता' लिहायला प्रत्येक आलेख नव्याने काढावा लागला. मूळ, बदलता येणारी फाइल (पीपीटी, एसव्हीजी किंवा लाटेक) मिळते का ते आधी विचारा. शिवाय स्लाइडमधले फोटो बऱ्याचदा तिसऱ्याचेच असतात, त्यांना ते लायसन्स लागू नसतं.

धागाकर्ती
बाप रे. कोर्सला थोडी फी ठेवायचा विचार होता.

प्रतिसाद १
मग एनसीच्या वाटेला जाऊ नका. बीवाय आणि बीवाय-एसए एवढंच धरा. एसए घेतलंत तर तुमचं भाषांतरही त्याच लायसन्सखाली द्यावं लागेल, फी घेतलीत तरी.

धागाकर्ती
आत्ता पाहिलं. मला आवडलेल्या स्लाइडच्या शेवटी बारीक करड्या अक्षरांत एनडी आहे! लेखकाला मेल टाकू का?

प्रतिसाद ३
जरूर. हक्क त्यांच्याकडेच असतील तर ते वेगळी परवानगी देऊ शकतात. फक्त लेखी घ्या, आणि त्याच मेलमध्ये मूळ फाइलही मागा.