ओलसर कोपऱ्यासाठी वुड ॲव्हन्स की वॉटर ॲव्हन्स?

प्रश्न : ओढ्याकाठी
उत्तर इंग्लंडमधील आमच्या घरामागे ओढ्यालगतचा कोपरा वर्षभर ओलसर असतो आणि दुपारनंतर तेथे सावली येते. तेथे गुलाबकुलातील जिअम अर्बेनम, म्हणजे वुड ॲव्हन्स, लावावे की जिअम रिव्हेल, म्हणजे वॉटर ॲव्हन्स, हे ठरत नाही. फुले नसताना दोन्ही सारखीच दिसतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : पानवेडा
आपल्या जागेसाठी वॉटर ॲव्हन्सच घ्यावे. ओली कुरणे आणि ओढ्यांचे काठ हेच त्याचे घर आहे. वुड ॲव्हन्सची पिवळी, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची फुले आकाशाकडे तोंड करून सपाट उघडतात. वॉटर ॲव्हन्सचे फूल मात्र मान खाली घालून लोंबते, त्याची जांभळट-तपकिरी निदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दले, घंटेसारखी मिटलेली असतात आणि त्यांच्या आतून नारिंगी झाक असलेल्या मळकट गुलाबी पाकळ्या जेमतेम डोकावतात. (माझ्या मते हा रंग दुरून फिकाच वाटतो, त्याची मजा गुडघे टेकून पाहण्यात आहे.) फुलोऱ्याचा दांडा आला असेल, तर त्यावरील पानांच्या बुडाशी असलेली उपपर्णे पाहावीत. वुड ॲव्हन्समध्ये ती मोठी, दातेरी आणि पानांसारखीच असतात, तर वॉटर ॲव्हन्समध्ये लहान. फळे धरल्यावर वुड ॲव्हन्सची निदले मागे वळतात. वॉटर ॲव्हन्सची उभी राहतात आणि फळांचा झुबका छोट्या देठावर त्यांच्याही वर उचलला जातो.

उत्तर : कुंपणाआड
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र वुड ॲव्हन्सला अगदीच मोडीत काढू नये. कुंपणाखालच्या कोरड्या सावलीत, जेथे फारसे काही तग धरत नाही, तेथे ते सुखाने वाढते आणि त्याच्या मुळांना युजेनॉल या सुगंधी द्रव्यामुळे लवंगेचा वास येतो. अडचण एवढीच की त्याची आकडेदार फळे आघाड्यासारखी कपड्यांना चिकटून बागभर पसरतात. शिवाय दोन्ही जवळ असल्यास त्यांचा सहज संकर होतो आणि तो संकर जननक्षम असल्याने पुढच्या पिढ्यांत सगळीच सरमिसळ होते. म्हणून वुड ॲव्हन्स आपोआप उगवलेच, तर फुलण्यापूर्वी उपटावे.

प्रश्न : ओढ्याकाठी
दोघांचेही आभार. जवळच्या कुरणात वॉटर ॲव्हन्स भरपूर आहे. तेथून एखादे रोप आणले तर चालेल का?

उत्तर : पानवेडा
जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. रोपवाटिकेतूनच घ्यावे, आणि बागायती वाण नको, मूळ रानटी जात हवी, असे स्पष्ट सांगावे.